बदलीच्या गावी कुत्र्याचा डॉक्टर

महाराष्ट्रात घरं हलतात ती बहुधा एप्रिल ते जून या तीन महिन्यांत. सरकारी नोकरांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये व्हाव्यात, असं २००५ चा बदल्यांचा कायदाच सांगतो. बँकांचे आणि कंपन्यांचे आदेशही साधारण त्याच सुमारास निघतात आणि जूनमध्ये शाळा सुरू होणार म्हणून बाकीचेही तोच मुहूर्त धरतात. ट्रक भरला जातो, गॅसचं कनेक्शन बदललं जातं, मुलांचे शाळेचे दाखले काढले जातात. घरात कुत्रा असेल तर तोही गाडीत बसतो. त्याचा दाखला मात्र सहसा कुणी मागत नाही.

नव्या शहरात खोकी उघडून होतायत तोवर पाऊस सुरू होतो आणि कुत्र्यांच्या दुखण्यांचा मोसमही. गोचिडी वाढतात, साचलेल्या पाण्यातून लेप्टो पसरतो, पिल्लांमध्ये पार्वोच्या उलट्या-जुलाब दिसू लागतात, शहराच्या कडेला नव्या वसाहतींमध्ये साप निघतात. त्यामुळे अनेक घरांत नव्या डॉक्टरांची पहिली गाठ पडते ती रात्री अकराला. कुत्रा मलूल पडलेला, हातात फोन, फोनवर ‘जवळचा दवाखाना’ शोधणं चाललेलं, आणि रिक्षावाला कुत्र्याला घ्यायला तयार नाही. डॉक्टर निवडायला याहून वाईट वेळ नाही.

माणूस नव्या डॉक्टरांसमोर बसून आपलं जुनं दुखणं स्वतः सांगतो. कुत्र्याचा इतिहास दुसऱ्यानंच सांगावा लागतो, आणि तो सगळा घरच्यांनाही ठाऊक नसतो. बराचसा जुन्या डॉक्टरांच्या डोक्यात असतो. पहिली लस त्यांनीच टोचलेली असते. कोणत्या इंजेक्शननंतर तोंड सुजलं होतं, कोणत्या पायाला हात लावला की तो गुरगुरतो, दर उन्हाळ्यात वजन उतरतं आणि त्यात काळजीचं काही नसतं, हे त्यांना आठवतं. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांमध्ये फाईल ठेवण्याची पद्धत अजून सगळीकडे रुजलेली नाही. चिठ्ठी लिहून मालकाच्या हातात दिली की डॉक्टरांकडे उरते ती आठवण. शहर बदललं की ती मागे राहते. म्हणून नवा डॉक्टर शोधण्याचं निम्मं काम जुन्या शहरातच करून घ्यावं लागतं.

त्याला एक निमित्तही आपसूक मिळतं. रेल्वेनं कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते, नाहीतर तो सामानाच्या डब्यातल्या पिंजऱ्यातून जातो. काहीही ठरलं तरी कुत्रा प्रवासाला ठीक आहे असं पशुवैद्याचं प्रमाणपत्र लागतं. विमानालाही लागतं. या कागदासाठी दवाखान्यात जावंच लागणार असतं. त्याच फेरीत सगळी कागदपत्रं गोळा करावीत आणि त्यासाठी डॉक्टरांकडे आधी फोन करून अर्धा तास मागून घ्यावा. गर्दीच्या वेळी दारात उभं राहून मागितलं तर सही-शिक्क्याचा एक कागद मिळतो, बाकी काही नाही.

काय मागायचं? लसीकरणाचं पुस्तक तर हवंच. त्यात प्रत्येक लशीचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख आणि सही आहे ना हे तिथेच तपासावं. रक्ताचे जुने अहवाल मागावेत, विशेषतः कुत्रा ठणठणीत असतानाचे. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या फक्त निष्कर्षाचा कागद पुरत नाही, मूळ फिल्म किंवा फोटो लागतात. नसबंदी किंवा दुसरी कुठली शस्त्रक्रिया झाली असेल तर भूल कोणत्या औषधानं दिली होती आणि कुत्रा शुद्धीवर यायला किती वेळ लागला, हे लिहून घ्यावं. चालू औषधं ब्रँडच्या नावाबरोबर मूळ औषधाच्या नावानं आणि मात्रेसह उतरवून घ्यावीत, कारण एका शहरात सहज मिळणारा ब्रँड दुसऱ्या शहरातल्या दुकानात नसतो. आणि शेवटी डॉक्टरांना त्यांच्या शब्दांत एक परिच्छेद लिहायची विनंती करावी: हा कुत्रा कसा आहे, त्याला आजवर काय काय झालं, आणि तुम्ही असता तर पुढे कशावर लक्ष ठेवलं असतं. बहुतेक डॉक्टर हे आनंदानं करतात. इतकी वर्षं पाहिलेला रुग्ण निघाला, याचं त्यांनाही वाईट वाटत असतं.

हे कागद नसले की नेमकं काय बिघडतं, ते गोचीड तापाच्या उदाहरणावरून नीट कळतं. महाराष्ट्रातल्या कुत्र्यांना हा आजार इतका सर्रास होतो की ‘टिक फीवर’ हा शब्द प्रत्येक मालकाच्या तोंडी असतो. पण त्या एका नावाखाली वेगवेगळे जंतू दडलेले असतात. एर्लिकिया हा जीवाणू आहे. तो पांढऱ्या पेशींत शिरतो, प्लेटलेट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं आणि ते साधारण चार आठवडे द्यावं लागतं. बबेसिया हा जीवाणू नव्हे, तांबड्या पेशी फोडणारा परजीवी आहे, आणि त्यातही प्रकार आहेत. एका प्रकाराला जे इंजेक्शन लागू पडतं ते दुसऱ्याला पुरेसं पडत नाही. यातला चिवट प्रकार, बबेसिया गिब्सोनी, १९१० मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला तो भारतातच, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांमध्ये.

आता असा कुत्रा डोळ्यांसमोर आणावा, ज्याला दोन वर्षांपूर्वी नागपुरात एर्लिकिया होऊन गेला, पूर्ण उपचार झाले आणि तो बरा झाला. ठाण्यात आल्यावर तो दोन दिवस जेवत नाही. नवे डॉक्टर झटपट तपासणीची पट्टी वापरतात आणि ती पॉझिटिव्ह येते. पण या पट्ट्या बहुधा रक्तातली प्रतिपिंडं शोधतात, आणि प्रतिपिंडं आजार बरा झाल्यावरही कित्येक महिने, कधी त्याहून जास्त काळ रक्तात राहतात. जुना इतिहास ठाऊक नसेल तर पुन्हा महिनाभर गोळ्या सुरू होतात आणि न जेवण्याचं खरं कारण, मग ते दाताचं असो वा किडनीचं, मागे पडतं. जुना अहवाल हातात असेल तर डॉक्टर आधी प्लेटलेट पाहतात, काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, शंका उरली तर पीसीआर करतात. दोन्ही दवाखाने चांगलेच असू शकतात. फरक पडतो तो एका जुन्या कागदानं.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. पश्चिम महाराष्ट्र आणि सीमाभागात पाळला जाणारा कारवान हा कुत्रा दृष्टीवर शिकार करणाऱ्या, लांबसडक, सडपातळ जातींपैकी. ग्रेहाउंडसारख्या अशा जातींत रक्ताचे काही आकडे मुळातच वेगळे असतात: तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त, प्लेटलेट थोड्या कमी, थायरॉइडचं संप्रेरक कमी, क्रिएटिनिन जरा वर. भुलेच्या काही जुन्या औषधांतून शुद्धीवर यायलाही त्यांना जास्त वेळ लागतो. ज्या भागात हे कुत्रे गल्लोगल्ली दिसतात तिथल्या डॉक्टरांच्या नजरेला ते सवयीचे असतात. महानगरात लॅब्रॅडॉर, पग आणि शिह त्झू बघणाऱ्या डॉक्टरांकडे असा कुत्रा क्वचितच येतो. कोली जातीच्या कुत्र्यांबाबत असाच एक धोका सर्वज्ञात आहे. त्यांच्यातल्या अनेकांमध्ये एका जनुकातल्या बदलामुळे आयव्हरमेक्टिनची जास्त मात्रा थेट मेंदूवर परिणाम करते, आणि आपल्याकडे कातडीच्या किड्यांवर हे औषध वर्षानुवर्षं वापरात आहे. तुमच्या कुत्र्याच्या जातीचे किती कुत्रे तुम्ही पाहता, हा प्रश्न नव्या डॉक्टरांना विचारण्यात काही वावगं नाही.

फिट येणाऱ्या कुत्र्यांचं तर आणखी वेगळं. त्यांना रोज फिनोबार्बिटोन लागतं. हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि एकदम बंद पडलं तर फिटांचा झटका येऊ शकतो. घर हलवण्याच्या धांदलीत चार दिवस गोळी चुकणं ही क्षुल्लक बाब नाही. अशा कुत्र्यासाठी निघण्यापूर्वी किमान महिन्याभराचा साठा आणि ताजी चिठ्ठी हवी, आणि नवा डॉक्टर पोहोचल्यावर नाही, पोहोचण्याआधी ठरलेला हवा. इन्सुलिनवर असलेल्या कुत्र्यालाही हेच लागू.

डॉक्टर म्हणजे कोण, हेही एकदा स्पष्ट असलेलं बरं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा. त्यानुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांनाच आहे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही त्यांची पदवी. ती इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांच्या शिक्षणाइतकीच. त्यापुढे मेडिसिन, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र अशा विषयांत एम.व्ही.एस्सी. करता येतं. पदविकाधारकांना किरकोळ सेवा देण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकतं, पण तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. चिठ्ठीवर आणि लसीच्या पुस्तकात सहीखाली नोंदणी क्रमांक असायला हवा. तो नसेल तर विचारावा. पेट शॉपच्या काउंटरवर कुणीतरी सुई टोचून देतो तेव्हा तिथे ना असा क्रमांक असतो, ना लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवल्याची खात्री. उन्हात तापलेली लस दिसायला अगदी चांगल्या लशीसारखीच दिसते. तिच्यातून संरक्षण मिळालं नाही, हे कळतं ते कुत्रा आजारी पडल्यावर.

मग नव्या शहरात विचारायचं कुणाला? फोनवरचे तारे पाहून थोडाफार अंदाज येतो, त्याहून जास्त नाही. ज्यांच्याकडे पिल्लू आहे ते लोक दवाखान्याच्या सजावटीबद्दल आणि डॉक्टरांच्या गोड बोलण्याबद्दल सांगतात, कारण त्यांचा संबंध लस आणि जंतनाशकापुरता आलेला असतो. ज्यांच्याकडे अकरा-बारा वर्षांचा कुत्रा आहे त्यांना विचारावं. त्यांनी दुखणी काढलेली असतात, रात्री जागवलेल्या असतात, कधी एखादा डॉक्टर सोडून दुसऱ्याकडे गेलेले असतात. आणि सगळ्यात भरवशाची माहिती असते ती वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या मंडळींकडे. अपघातात सापडलेला कुत्रा घेऊन रात्री दोनला कोणत्या दवाखान्याचं शटर वर होतं, कोण पैशाचं नंतर बघू म्हणतं, कोण कुत्र्याला हात न लावताच चिठ्ठी लिहितं, हे त्यांना स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक असतं. नव्या सोसायटीत त्यांच्याशी ओळख काढणं कुत्र्याच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे.

दोन-तीन नावं हाती आली की कुत्रा धडधाकट असतानाच पहिली भेट घ्यावी. नुसतं वजन करायला जावं. नखं कापायला जावं. बहुतेक लोक ही भेट टाळतात, कारण आजार नसताना फी का द्यायची, असं वाटतं. पण त्या एका भेटीत डॉक्टरांना कुत्र्याची तब्येत चांगली असते तेव्हा तो कसा असतो हे दिसतं, आणि घरच्यांना डॉक्टर दिसतात. पुढच्या वेळी तो मलूल होऊन आला की तुलना करायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

त्या भेटीत काय बघायचं? यंत्रं किती आहेत, हे सगळ्यांच्या डोळ्यांत आधी भरतं. त्याहून आधी हात बघावेत. चांगला डॉक्टर कुत्र्याला नाकापासून शेपटीपर्यंत चाचपतो. ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघतो, कानात डोकावतो, जबड्याखालच्या गाठी दाबून पाहतो, पोट चाचपतो, छातीला स्टेथोस्कोप लावून घाई न करता ऐकतो, ताप मोजतो. कुत्र्याचं साधारण तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला ज्याला ताप वाटेल तो त्याचा रोजचा आकडा. नाक गरम लागलं म्हणून ताप आहे, असं सांगणारा डॉक्टर सोडून द्यावा. टेबलापलीकडून नुसतं बघून तीन इंजेक्शनं भरणाऱ्यालाही. इंजेक्शन कशाचं, असं विचारल्यावर ‘ताकदीचं’ एवढंच उत्तर मिळत असेल तर तेवढं पुरेसं नाही. औषधाचं नाव आणि मात्रा लिहून मिळणं हा मालकाचा साधा हक्क आहे, आणि पुढच्या डॉक्टरांची गरजही.

लशींचा फ्रीज दिसतो का, तेही बघावं. त्यात फक्त लस आणि औषधं असावीत आणि तापमान दाखवणारं काहीतरी असावं. वीज गेल्यावर काय करता, असं विचारलं तर चांगल्या दवाखान्यात राग येत नाही. फरशी कशानं पुसतात हे पिल्लाच्या मालकानं जरूर विचारावं. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने तग धरतो आणि कित्येक साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही. ब्लीचनं तो मरतो. पार्वोचे रुग्ण वेगळ्या खोलीत ठेवले जातात का, हाही प्रश्न विचारावाच. आणि सगळ्या लशी पूर्ण न झालेलं पिल्लू दवाखान्यात जमिनीवर सोडू नये, कडेवरच ठेवावं.

कुत्रा घाबरतो. नवं शहर, नवं घर, त्यात नवा वास असलेली खोली आणि निसरडं स्टीलचं टेबल. तो ओठ चाटत असेल, उगाच जांभया देत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, शेपूट पायांत असेल, तर ती भीती आहे. तो हट्ट करतोय असं समजू नये. हे ओळखणारे डॉक्टर टेबल सोडून जमिनीवर बसतात, आधी बिस्किट देतात, पाच मिनिटं त्याला खोली हुंगू देतात. गरज पडली तर तोंडाला जाळी बांधतात, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्याचं कारण नाही. जाळी बांधल्यावर सगळेच निर्धास्त होतात. पण दोघांनी दाबून धरून, ओरडून, मानगूट आवळून काम उरकणाऱ्या दवाखान्यात कुत्रा दुसऱ्यांदा पायरी चढत नाही, आणि मग मालकही भेट लांबणीवर टाकत राहतो. दुखणी वाढतात ती अशा लांबणीवर पडलेल्या भेटींमुळे.

लसीकरणाचं पुस्तक हरवलं असेल तर अनेक दवाखान्यांत ‘सगळा कोर्स पुन्हा सुरुवातीपासून करू’ असं सांगितलं जातं. पिल्लूपणी पूर्ण लसी झालेल्या प्रौढ कुत्र्याला डिस्टेंपर, पार्वो आणि हिपॅटायटिस या तीन मुख्य आजारांसाठी एक बूस्टर सहसा पुरतो, असं लहान प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगते. त्यानंतर या तिन्हींची लस तीन वर्षांपेक्षा कमी अंतरानं देण्याची गरज नाही, असंही ती म्हणते. लेप्टोचं संरक्षण मात्र जेमतेम वर्षभर टिकतं आणि खंड पडला तर दोन डोस घ्यावे लागू शकतात. रेबीजची लस आपल्याकडे दरवर्षी देण्याची पद्धत आहे, आणि ती पाळावीच. महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना मुंबईतही लागतो आणि पुण्यातही, आणि त्यासाठी रेबीजच्या लशीचा पुरावा मागतात. नव्या गल्लीत आलेल्या पाळीव कुत्र्यावर तिथले भटके कुत्रे धावून जाणं नेहमीचं आहे. चावा बसला तर डॉक्टर पहिला प्रश्न याच लशीच्या तारखेचा विचारतात.

शहर बदललं की हवा बदलते आणि हवेबरोबर दुखणी. विदर्भातल्या डॉक्टरांना मे महिन्यात उष्माघाताचे कुत्रे पाहण्याची सवय असते. पारा ४५ च्या वर गेलेला, चपट्या नाकाचा पग किंवा दाट केसांचा हस्की धापा टाकत आलेला. त्याला आधी ओलं करायचं, वारा द्यायचा आणि मगच गाडीत घालायचं, हे तिथे फोनवरच सांगितलं जातं. तोच कुत्रा मुंबईत आला की दमट हवेत त्याचे कान ओलसर राहतात, बुरशी वाढते, पंजांच्या बेचक्या लाल होतात. लोंबत्या कानांच्या लॅब्रॅडॉरला आणि कॉकर स्पॅनियलला त्याचा जास्त त्रास. मुंबई आणि कोकणपट्टीत लेप्टोची भीती खरी आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये त्याची मोठी साथ आली होती. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यांनाही होतो, आणि आजारी कुत्र्यापासून घरच्यांनाही होऊ शकतो. त्यामुळे कोरड्या प्रदेशातून किनाऱ्याकडे जाणाऱ्यानं आपल्या लशीत लेप्टो आहे का, आणि पावसाआधी बूस्टर घ्यावा का, हे पहिल्याच भेटीत विचारावं. गोव्यात गेल्या दशकभरात कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण होऊन २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. तिथे राहायला जाणाऱ्यानं आपल्या कुत्र्याची लस चुकवणं म्हणजे त्या सगळ्या कष्टांशी बेइमानी.

रात्रीचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. ‘२४ तास’ अशी पाटी असलेल्या दवाखान्यात रात्री नेमकं कोण असतं? कधी तिथे डॉक्टर असतात, कधी फक्त मदतनीस, कधी नुसता फोन चालू असतो. हे आधी विचारून ठेवावं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा बसला तर काही तासांत शस्त्रक्रिया लागते. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू झाला तर सकाळपर्यंत थांबणं धोक्याचं. उंदराचं औषध खाल्लं असेल तर रक्त गोठणं थांबू शकतं आणि के जीवनसत्त्व द्यावं लागतं. शहराबाहेरच्या नव्या वसाहतींमध्ये नाग आणि घोणस पावसाळ्यात कुत्र्यांना चावतात. त्यावर माणसांना देतात तेच सर्पविषप्रतिबंधक औषध कुत्र्यांनाही देतात, पण ते प्रत्येक दवाखान्यात ठेवलेलं नसतं. घराजवळ एक रोजचा डॉक्टर आणि जरा लांब का होईना, रात्री खरंच उघडं असणारं एक रुग्णालय, अशी दोन ठिकाणं ठरवलेली असावीत. दुसऱ्या ठिकाणी दिवसा एकदा गाडीनं जाऊन रस्ता बघून यावा.

मोठी सोय कुठे आहे, हे महाराष्ट्रात तसं सांगता येतं. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय आहे आणि त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं महाविद्यालय १९५८ चं. शिरवळ, परभणी आणि उदगीरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे. या सगळ्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या. तिथल्या शिकवण्याच्या दवाखान्यांत रांग लागते, विद्यार्थ्यांचा घोळका कुत्र्याभोवती जमतो, पण वेगवेगळ्या विषयांचे प्राध्यापक एका छपराखाली भेटतात आणि फी कमी असते. अवघड दुखण्यात ही मोठी जमेची बाजू आहे. मुंबईतच महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं आणि ते चोवीस तास चालतं. आपल्या कुत्र्याच्या सांध्यासाठी रतन टाटांना त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठापर्यंत न्यावं लागलं होतं. असं रुग्णालय आपल्याकडे हवं, हे त्यांनी त्या अनुभवाचा दाखला देत सांगितलं होतं. ते सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच त्यांचं निधन झालं.

पण मोठ्या रुग्णालयाच्या ओढीनं जवळचा साधा दवाखाना टाळू नये. दाढ दुखते, कान खाजतो, दोन उलट्या होतात, अशा रोजच्या गोष्टींसाठी तासभर वाहतुकीतून कुत्रा नेणं कुणालाच जमत नाही, आणि मग दाखवणंच राहून जातं. जवळच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफीचं यंत्र नसेल तर चालेल. ‘हे माझ्याकडे होणार नाही, तुम्ही अमक्यांकडे न्या, मी त्यांना फोन करतो,’ असं वेळेवर म्हणणारा डॉक्टर मात्र हवा. पहिल्या भेटीत हे सरळ विचारता येतं: अवघड केस तुम्ही कुणाकडे पाठवता? या प्रश्नाला पटकन दोन नावं सांगणारे डॉक्टर पसंत करावेत. सगळं इथेच होतं असं म्हणणाऱ्यांबाबत जरा थांबून विचार करावा.

पैशाचंही मोकळेपणानं बोलावं. शस्त्रक्रियेचा किंवा दाखल करण्याचा अंदाजे खर्च आधी लिहून मागावा, त्यात भूल, औषधं आणि नंतरच्या भेटी धरल्या आहेत का ते विचारावं. तपासणी सुचवली तर तिच्या निकालानं उपचारात काय फरक पडेल, हे विचारावं. या प्रश्नानं वाद होत नाही. डॉक्टरांनाही आपला विचार मांडायची संधी मिळते, आणि घरच्यांना ऐपतीप्रमाणे ठरवता येतं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊन पैसे वाचवायला जाणं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं, हे नव्या शहरात डॉक्टर ठरेपर्यंतच्या दिवसांत विशेष लक्षात ठेवावं.

उलट दिशेची बदलीही होते. पुण्याहून तालुक्याच्या गावी गेलेल्या कुटुंबाला कुत्र्यांचा म्हणून वेगळा दवाखाना सापडत नाही. तिथे असतो पशुसंवर्धन विभागाचा दवाखाना आणि त्यातले डॉक्टर सकाळपासून गाई-म्हशींमागे गोठ्यांवर फिरत असतात. त्यांना कमी लेखण्याचं काही कारण नाही. पदवी तीच आहे, हात तयार आहे, आणि रेबीज, साप, विषबाधा यांचा अनुभव अनेकदा शहरातल्या डॉक्टरांपेक्षा जास्त असतो. अडचण येते ती साधनांची: लहान प्राण्यांच्या भुलेचं यंत्र, रक्ततपासणीची प्रयोगशाळा, एक्स-रे. अशा ठिकाणी जुन्या शहरातल्या डॉक्टरांशी संबंध तोडू नयेत. स्थानिक डॉक्टर तपासतील, रक्त काढतील, हिरड्यांचा आणि जखमेचा फोटो पाठवतील, आणि दोघे फोनवर बोलतील, अशी व्यवस्था कित्येक ठिकाणी छान चालते. दोघांचे क्रमांक एकमेकांना द्यावेत आणि पहिला फोन स्वतः जोडून द्यावा. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, आणि १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती मिळते. ही पथकं मुख्यतः गुराढोरांसाठी आहेत, पण जवळचे सरकारी डॉक्टर कोण आणि कुठे, हे तिथून कळू शकतं.

सहा महिने झाले, दोन-तीन भेटी झाल्या आणि तरी सूर जुळला नाही, तर डॉक्टर बदलावेत. त्यात अपमान कुणाचाच नाही. जाताना तिथलीही कागदपत्रं मागून घ्यावीत, जुन्या कागदांत तारखेनुसार लावावीत आणि सगळ्यांचा एकेक फोटो फोनमध्ये ठेवावा. कुत्र्याचं वजन दर महिन्याला त्याच फाईलच्या पहिल्या पानावर लिहीत जावं. नव्या डॉक्टरांची नजर आधी तिकडेच जाते.